विश्लेषण : नवी छोटी ई-एसयूव्ही बार्शीकरांना परवडेल का? प्रश्न किमतीइतकाच आठव्या वर्षाचा!

बार्शीत चारचाकी घ्यायची म्हटले की शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती?’ इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत हा प्रश्न बदलतो. एका चार्जिंगमध्ये सोलापूरला जाऊन परत येता येईल का? घरच्या वीजबिलाचे काय होईल? आणि कर्जाचे हप्ते फिटल्यानंतरही बॅटरी तितकीच साथ देईल का? भारतातच आखलेली छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही आणण्याची तयारी ह्युंदाईने चालवली आहे. तालुक्याच्या गावातील कुटुंबाने या गाडीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, याचा हा आढावा.

नेमकी घोषणा काय?

ह्युंदाई मोटर इंडियाने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गुंतवणूकदारांपुढे पुढील काही वर्षांचा आराखडा मांडला. आर्थिक वर्ष २०३० पर्यंत ४५ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि २६ नव्या किंवा सुधारित गाड्या, असा तो आराखडा आहे. भारतातच आखलेली, विकसित केलेली आणि तयार झालेली, केवळ विजेवर चालणारी एसयूव्ही २०२७ पर्यंत आणण्याचे उद्दिष्टही त्यात आहे. त्या वेळी गाडीचे नाव वा किंमत जाहीर झाली नाही. मात्र ती छोट्या, म्हणजे कौटुंबिक वापराच्या गटातील असेल, असा वाहन क्षेत्राचा अंदाज आहे.

या कंपनीची छोटी इलेक्ट्रिक गाडी परदेशात आधीपासून आहे. ‘इन्स्टर’ ही गाडी जून २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे सादर झाली. लांबी ३.८ मीटरच्या आसपास, बॅटरी ४२ आणि ४९ किलोवॉट-तास अशा दोन क्षमतांची. २०२५ मध्ये तिला जागतिक कार पुरस्कारांत सर्वोत्तम इलेक्ट्रिक वाहनाचा मान मिळाला. परंतु तिच्या युरोपीय आवृत्तीत चौघांचीच बसण्याची सोय आहे. आई-वडील, दोन मुले आणि आजी अशा घराला ती जशीच्या तशी चालणार नाही. भारतासाठी वेगळी गाडी आखण्याचे एक कारण येथेच दिसते.

आज बाजारात काय उपलब्ध आहे?

ही गाडी मोकळ्या मैदानात उतरणार नाही. टाटाची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीत आली. पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये १०.९९ लाखांपासून दाखल झाली. तेव्हा तिच्यात २५ आणि ३५ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरने गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने अशी योजना आणली. ९.९९ लाखांत गाडी आणि बॅटरीसाठी दर किलोमीटरला साडेतीन रुपये, असा तो सुरुवातीचा हिशेब होता. ह्युंदाईची स्वतःची क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये १७.९९ लाखांपासून आली. म्हणजे नव्या छोट्या गाडीला पंचच्या वर आणि क्रेटाच्या खाली जागा शोधावी लागणार आहे.

रेंजचा आकडा किती खरा?

जाहिरातीत दिसणारा आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी पडतो, प्रवास आखण्यासाठी नाही. एसी चालू, पाच माणसे आत, डिकीत सामान आणि महामार्गावर ताशी ८०-९० किलोमीटरचा वेग असेल, तर छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही एका युनिटमध्ये साधारण सव्वासहा ते साडेसहा किलोमीटर जाते, असे धरून चालणे व्यवहार्य ठरते. बॅटरी शून्यावर आणून कोणी गाडी चालवत नाही. त्यामुळे १५ टक्के चार्जिंग राखीव ठेवावे लागते.

या हिशेबाने ३० किलोवॉट-तासांची बॅटरी प्रत्यक्षात सुमारे १६० किलोमीटर देते, तर ४२ ची बॅटरी सुमारे २२५ किलोमीटर. आता नकाशा पाहू. बार्शी ते सोलापूर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४०. पुणे दोनशे किलोमीटरहून थोडे पुढे. नवी असताना दोन्ही बॅटऱ्या सोलापूरची फेरी पूर्ण करतात. पुण्याला जाताना मात्र ३० च्या गाडीला वाटेत थांबावेच लागते आणि ४२ ची गाडी जेमतेम पोहोचते. टेंभुर्णी किंवा इंदापूरच्या आसपास चहा घेता घेता अर्धा तास चार्जिंग, हे गृहीत धरूनच पुण्याचा बेत आखावा लागेल.

आठव्या वर्षी काय होईल?

खरी परीक्षा येथे आहे. मोबाइलच्या बॅटरीप्रमाणेच गाडीची बॅटरीही हळूहळू क्षमता गमावते. बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. मात्र ही हमी बॅटरी नव्यासारखी राहण्याची नसते. क्षमता ठरावीक पातळीच्या, बहुधा ७० टक्क्यांच्या, खाली गेली तरच ती लागू होते. म्हणजे ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी कागदोपत्री ‘ठणठणीत’ असते.

३० ची बॅटरी ८० टक्क्यांवर आली की तिची उपयोगी क्षमता २४ उरते. वरच्याच हिशेबाने राखीव चार्जिंग वगळून ती सुमारे १२८ किलोमीटर जाते. म्हणजे सोलापूरची १४० किलोमीटरची फेरी एका चार्जिंगमध्ये होत नाही. ४२ ची बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरी १८० किलोमीटर देते आणि सोलापूरहून परत आणते.

पुण्यात इलेक्ट्रिक गाडी घरातील दुसरी गाडी असू शकते. लांबचा प्रवास पहिल्या गाडीने, शहरातली कामे दुसरीने. बार्शीतील मध्यमवर्गीय घरात ती एकुलती एक असेल. रात्री-अपरात्री रुग्णाला सोलापूरला न्यायचे असो की लातूरला लग्नाला जायचे असो, दारात उभी असलेली तीच गाडी निघणार. म्हणून सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये लहान बॅटरी देऊन आकर्षक किंमत जाहीर करण्याची पद्धत तालुक्याच्या ग्राहकाच्या पथ्यावर पडत नाही. दीड-दोन लाख वाचवायला जावे आणि आठव्या वर्षी गाडी गावापुरती उरावी, असा तो व्यवहार होतो.

पैसे खरेच वाचतात का?

महिन्याला १,००० किलोमीटर वापर गृहीत धरू. पेट्रोलची छोटी एसयूव्ही लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ७,००० रुपये. सीएनजी गाडी किलोला २२ किलोमीटर आणि गॅस ९२ रुपये धरला, तर सुमारे ४,२०० रुपये. इलेक्ट्रिक गाडी मिश्र वापरात, चार्जिंगमधील गळती धरून, युनिटला ७ किलोमीटर जाते असे मानले तर १४३ युनिट लागतील. युनिटला १२ रुपये धरल्यास खर्च १,७०० रुपयांच्या आसपास.

पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला ६३ हजार रुपये वाचतात. गाडी तीन लाखांनी महाग असेल तर फरक पावणेपाच वर्षांत भरून निघतो. पण बार्शीतला खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल नसून सीएनजी आहे. तिच्या तुलनेत वर्षाची बचत सुमारे ३० हजारच राहते आणि दोन लाखांचा फरक भरून निघायला पावणेसात वर्षे लागतात. वापर महिन्याला ५०० किलोमीटरच असेल, तर हा काळ दुप्पट होतो. विम्याचा जादा हप्ता आणि कर्जावरचे व्याज यात धरलेले नाही. थोडक्यात, गाडी जितकी जास्त फिरेल तितकी ती परवडेल. रविवारी देवदर्शन आणि एरवी अंगणात उभी, अशा वापरासाठी इलेक्ट्रिक गाडी हा महागडा सौदा आहे. वैराग किंवा कुर्डुवाडीला रोज ये-जा करणारे शिक्षक, व्यापारी, प्रतिनिधी यांच्यासाठी तो फायद्याचा ठरू शकतो.

जीएसटीने गणित कसे बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आला. त्याआधी उपकरासह तो २९ टक्के होता. इलेक्ट्रिक गाड्यांवर आधीही ५ टक्के होता, आताही तेवढाच आहे. करापूर्वी आठ लाख किंमत असलेली छोटी गाडी या बदलाने सुमारे ८८ हजारांनी स्वस्त झाली; इलेक्ट्रिक गाडी जिथल्या तिथे राहिली. सीएनजीच्या तुलनेतील वार्षिक बचत ३० हजार धरली, तर या एका निर्णयाने इलेक्ट्रिक गाडीचा फरक भरून निघण्याचा काळ जवळपास तीन वर्षांनी लांबला.

केंद्राची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना खासगी इलेक्ट्रिक कारना अनुदान देत नाही. वाहनकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी दीड लाखांपर्यंतची सवलतही मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. राज्यात मात्र मोटार वाहन कराची माफी मोलाची आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर पडतो. नऊ लाखांच्या गाडीमागे ही रक्कम ९९ हजार होते. दोन गाड्यांची तुलना करताना शोरूमची किंमत न पाहता रस्त्यावर उतरेपर्यंतची किंमत पाहावी, ती याचसाठी.

घरी चार्जिंग कितपत सोपे?

घरातील १५ अँपियरच्या सॉकेटवर ४२ ची बॅटरी पूर्ण भरायला १४-१५ तास लागतात. ऐकायला हे जास्त वाटते, पण रोजचा प्रवास ४० किलोमीटर असेल तर सहा युनिट पुरतात आणि ती दोन तासांत भरतात. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स बसवला तर पूर्ण चार्जिंग रात्रीत होते. मात्र त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.

वीजबिलाचे टप्पेही लक्षात घ्यायला हवेत. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढतात. घराचा वापर १५० युनिट असेल तर गाडीची १४३ युनिट धरूनही बिल ३०० च्या आत राहते. तोच वापर २०० असेल तर वरची ४३ युनिट पुढच्या, महागड्या दराने मोजली जातात. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत लागू झाली. दिवसा गाडी घरीच उभी असणाऱ्यांना तिचा लाभ आहे. छतावर सौर पॅनेल असेल तर गणित आणखी सोपे होते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते आणि बार्शीच्या उन्हाला तोटा नाही.

अडचण वेगळीकडेच आहे. गावभागातील जुने वाडे, अरुंद गल्ल्या आणि भाड्याची घरे येथे गाडी रस्त्यावर उभी राहते. खिडकीतून वायर सोडून रात्रभर चार्जिंग करणे धोक्याचे आहे. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कमजोर होतो. त्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत येथे कामी येते. गाडी बुक करण्याआधी चांगल्या वायरमनकडून घरची वायरिंग तपासून घेणे, ही खरेदीची पहिली पायरी मानायला हवी.

टोलमाफीचा बार्शीला फायदा किती?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेले इलेक्ट्रिक वाहन धोरण मार्च २०३० पर्यंत लागू आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक चारचाकींना पूर्ण टोलमाफी हा त्याचा सर्वाधिक गाजलेला भाग. बार्शीकर पुण्याला जातो तो कुर्डुवाडी-टेंभुर्णीमार्गे. त्या वाटेवरचे सरडेवाडी आणि पाटस हे टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर आहेत. ही माफी तेथे लागू नाही. म्हणजे सवलतीचा गवगवा राज्यभर झाला, तरी लाभ ठरावीक रस्त्यांवरच्या प्रवाशांना आहे.

याच धोरणातील दुसरी तरतूद बार्शीसाठी जास्त मोलाची आहे : महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय. ती बार्शी-सोलापूर, बार्शी-लातूर अशा मार्गांवर प्रत्यक्षात उतरली तर लहान बॅटरीची गाडीही येथे चालू शकेल. गावातही सगळीकडे महागडे जलद चार्जर लागतीलच असे नाही. नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले नातेवाईक तासन्‌तास थांबतात. भगवंत मंदिरात एकादशीला येणारे भाविक, बाजार समितीत माल घेऊन येणारे शेतकरी-व्यापारी यांच्या गाड्याही दोन-चार तास उभ्याच असतात. अशा ठिकाणी ७ किलोवॉटचे साधे चार्जरही ३०-५० किलोमीटरचा परतीचा प्रवास सहज भरून देतील. नगरपालिकेने वाहनतळाचा आराखडा करतानाच हा विचार केला तर त्यासाठी वेगळी जागा शोधावी लागणार नाही.

उन्हाळा, सुरक्षा आणि डिकी

सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो. उष्णता बॅटरीचे आयुष्य कमी करते. त्यामुळे बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवाधारित यंत्रणा आहे का, हा प्रश्न टचस्क्रीनच्या आकारापेक्षा महत्त्वाचा. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वजनाने जड असल्या तरी उष्णता आणि वारंवार चार्जिंग त्या तुलनेने चांगले सोसतात. ह्युंदाई आणि किया यांनी एप्रिल २०२४ मध्ये एक्साइड एनर्जीशी केलेला करार याच प्रकारच्या बॅटऱ्या भारतात बनवण्याबाबत आहे. बॅटरी देशात तयार झाली तर किंमत आणि सुटे भाग, दोन्ही आवाक्यात येण्याची शक्यता वाढते.

अपघात सुरक्षेसाठी ‘भारत एनकॅप’ चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. पंच ईव्हीने तीत पाच तारे मिळवले आहेत. नव्या गाडीकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत जागा आणि वजन वाचवण्यासाठी स्टेपनी दिली जात नाही, पंक्चर काढण्याचे किट दिले जाते. रात्री वैरागच्या पुढे टायर फाटला तर त्या किटचा उपयोग नाही. गाडीखालची मोकळी उंची, पाच माणसे बसल्यावर ती किती उरते आणि डिकीत धान्याचे एखादे पोते मावते का, हे प्रश्न येथे दुय्यम नाहीत.

‘बार्शी लाइट’चा धडा

छोट्या वाहनाकडून मोठे काम करून घेण्याचा धडा बार्शीने १२५ वर्षांपूर्वी दिला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट रेल्वे’ १८९७ मध्ये बार्शी आणि कुर्डुवाडीदरम्यान सुरू झाली. मोठ्या गाडीची छोटी नक्कल काढण्याऐवजी कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपर्यंत ठेवला आणि त्या मर्यादेत जास्तीत जास्त माल वाहून नेणारे डबे आखले. हीच रेल्वे पुढे एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. ती चालली, कारण ती येथील भार आणि येथील वाट डोळ्यांपुढे ठेवून बनवली होती. ‘भारतासाठी आखलेली’ असे म्हणवणाऱ्या गाडीलाही हाच निकष लावायला हवा.

मग थांबावे की घ्यावे?

महिन्याला हजार किलोमीटरहून अधिक वापर, स्वतःच्या दारात पार्किंग आणि नीट अर्थिंग या तिन्ही गोष्टी असतील, तर आज उपलब्ध गाड्यांतूनही निवड करता येते. मोठी बॅटरी घ्यावी, एवढेच. वापर कमी असेल, घर भाड्याचे असेल किंवा घरातील ती एकमेव गाडी ठरणार असेल, तर नव्या गाडीची किंमत आणि तिच्यापाठोपाठ प्रतिस्पर्ध्यांच्या बदलणाऱ्या किमती पाहूनच निर्णय घेणे शहाणपणाचे.

कंपनीकडून अपेक्षा करायची ती चार गोष्टींची. सर्वांत स्वस्त मॉडेललाही ४० च्या आसपासची बॅटरी. चाचणीच्या आकड्यासोबत पाच माणसे आणि एसी धरून मिळणाऱ्या रेंजचा आकडा. बॅटरीची हमी कोणत्या टक्क्याला लागू होते, ते विक्रीच्या कागदावर मराठीत. आणि बॅटरीच्या कामासाठी गाडी पुण्याला ओढून न्यावी लागणार नाही, अशी जिल्ह्यातली सेवा. सरकारकडून अपेक्षा एकच : दर २५ किलोमीटरच्या चार्जरची सुरुवात तालुक्यांच्या रस्त्यांपासूनही व्हावी.

गाडीचे अनावरण होईल तेव्हा चर्चा दिव्यांची, पडद्यांची आणि रंगांची होईल. बार्शीतील ग्राहकाने शोरूममध्ये विचारायचा प्रश्न साधा आहे : ‘आठ वर्षांनी, मे महिन्यात, पाच जणांना घेऊन ही गाडी सोलापूरला जाऊन परत येईल का?’ याचे लेखी उत्तर जी कंपनी देईल, तिचीच गाडी ‘फॅमिली’ म्हणवण्यास पात्र ठरेल.